बाई बोलत नाहीत

३ फेब्रुवारी

महाशयांनी माझा बग बंद केला. तिसऱ्यांदा. शेरा काय, तर ‘माझ्याकडे असं होत नाही.’ चार शब्द. पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जावं आणि डॉक्टरने म्हणावं, माझं तर नाही बुवा दुखत! मग आपण काय त्याचे आभार मानून घरी यायचं?

ही वही मी बगांच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांच्या, नोंदींसाठी आणली होती. आजपासून ती शिव्यांसाठी. फोरमवर शिव्या दिल्या की नियम दाखवणारे धावत येतात, आणि घरात दिल्या की दादा हसतो.

तरी सगळं नीट लिहून ठेवते, उद्या कोणी म्हणायला नको की ही उगाच तडतडते. आमच्या लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकट प्रणालीची, नवी आवृत्ती पंधरा मार्चला येणार. तोवर रोज सकाळी तिचं एक कच्चं बिल्ड, म्हणजे अर्धवट तयार प्रत, निघतं. आम्ही पन्नास-साठ हौशी टेस्टर ते आपापल्या यंत्रावर चढवतो, काय काय मोडतंय ते बघतो आणि कळवतो. मी हे सहा वर्षं करतेय. कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर सांभाळायला जाण्याआधी रोज दीड तास, आणि रविवारी अख्खी सकाळ.

माझा बग अगदी साधा आहे. लॅपटॉपचं झाकण मिटलं की यंत्राने झोपायला हवं. माझी म्हातारी (वय वर्षं अकरा, एक बिजागरी तुटकी) झोपत नाही. पंखा घरघरत राहतो आणि पिशवीत घातली की पिशवी तापते. महाशय म्हणजे प्रकल्पाचा हा भाग सांभाळणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, ‘मूळ सेटिंग बदलल्या आहेत का?’ मी काय काल जन्मले? ‘नाही’ म्हणून ठणकावलं.

५ फेब्रुवारी

दादाला नोकरी लागली. चार वर्षांनी!

डोळे जायच्या आधी तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. चुकलेली वेलांटी त्याला पानाच्या पार टोकावरून दिसायची. डोळे गेल्यावर छापखान्याने निरोपाचा कार्यक्रम छान केला, एवढंच. आता शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तक्रार केंद्रात सकाळी सात ते एक. फोन घ्यायचा, तक्रार कॉम्प्युटरवर लिहायची, पुढे पाठवायची. स्क्रीनवरचं सगळं स्क्रीन रीडर त्याच्या कानात वाचतो. त्या आवाजाला आम्ही ‘बाई’ म्हणतो, कारण तो शाळेतल्या बाईंसारखा ठासून बोलतो.

मार्चअखेरपर्यंत तो चाचणीवर आहे. मग एकतर कायम, नाहीतर घरी. केंद्रात आमचंच लिनक्स आहे आणि सोळा मार्चला तिथल्या सगळ्या यंत्रांवर नवी आवृत्ती चढणार, असं तिथल्या मॅडमनी सांगितलंय. म्हणून मी त्याच्या जुन्या लॅपटॉपवर आत्ताच कच्चं बिल्ड टाकून दिलं. हात बसलेला बरा. यंत्राला नाव द्यावं लागतं, मी दिलं ‘दादाचा-डबा’. दादा म्हणाला, “डबा तर डबा. बोलला म्हणजे झालं.”

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्याला पुन्हा सकाळी सहाला बूट शोधताना ऐकून मला बरं वाटतंय. बूट मी एका जागी ठेवते. तो ते मुद्दाम दुसरीकडे ठेवतो, म्हणतो माझी जागा मला ठरवू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तक्ता भरायचा दिवस. सत्तावीस ओळी: वायफाय लागतं का, प्रिंटर सापडतो का, कॅमेरा उघडतो का. प्रत्येकीपुढे होय किंवा नाही, आणि शेजारी आपलं नाव. शेवटच्या चार ओळी स्क्रीन रीडरच्या. दादा घरात आहे म्हटल्यावर त्या मीच मागून घेतल्या. बाकीच्यांना त्यातलं काय कळतंय!

अगदी शेवटची ओळ अशी: ‘यंत्र लॉक करा. दहा मिनिटं थांबा. स्क्रीन झाकून यंत्र पुन्हा जागं करा. स्क्रीन रीडर बोलतो का?’ ही ओळ ज्याने लिहिली त्याला दुसरा धंदा नसावा. मी बाईंना सुरू केलं, त्या खणखणीत ‘स्वागत आहे’ म्हणाल्या, चारही ओळींपुढे ‘होय’ लिहिलं. तशीही म्हातारीवर लॉकची भानगड मी कधीच काढून टाकलीय. रोज नवं बिल्ड, दिवसातून चाळीस वेळा पासवर्ड कोण टाकत बसणार? ती आपली सोय झाली, त्याला काही सेटिंग बदलणं म्हणत नाहीत.

माझ्या झाकणाकडे अजून कोणी ढुंकूनही पाहिलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळी सकाळी दादाशी वाजलं.

म्हणाला, “मिरचे, बाई मधेच गप्प होतात गं.”

“आवाज बारीक केला असशील.”

“नाही. मी चहा घेऊन येईपर्यंत यंत्र लॉक होतं. नंतर ते पासवर्ड मागतंय की बंद पडलंय, काही कळत नाही. अंदाजाने टाकतो. आत गेलो की मग बोलायला लागतात.”

“हेडफोनची पिन हलली असेल.”

“पिन मी तीनदा बघितली.”

“दादा, मी टेस्ट केलंय. रविवारीच. तक्त्यात ‘होय’ आहे.”

“लॉक करून?”

“सहा वर्षं मी काय माशा मारतेय का?”

त्यावर त्याने कानाला हेडफोन लावले आणि तोंड भिंतीकडे केलं. मला असला अबोला चालत नाही. भांडायचं तर समोर भांडावं.

१८ फेब्रुवारी

नव्या तक्रारींची छाननीही माझ्याकडेच असते. प्रकल्पाचा नियम आहे: एकाला सापडला तो बग नव्हे. दुसऱ्या कोणीतरी आपल्या यंत्रावर तसंच करून बघायचं आणि खाली ‘मलाही’ लिहायचं. तो ‘मलाही’ पडला की महाशय हात घालतात. माझ्या झाकणाला दोन महिन्यांत एक ‘मलाही’ नाही. जगात कोणी लॅपटॉपचं झाकण मिटतच नाही बहुतेक.

आज दुपारी लॅबमध्ये असताना एक नवा गडी उगवला. नाव ‘पाहुणा-सात’. लिहितो: ‘१. यंत्र आपोआप लॉक झाले. २. दहा मिनिटे गेली. ३. स्क्रीन रीडर बोलत नाही. ४. पासवर्ड टाकून आत गेल्यावर बोलतो. कृपया पाहावे.’ पूर्णविराम जिथल्या तिथे, आकडे ओळीत, पण लॉग नाही. लॉग म्हणजे यंत्राने स्वतःच लिहून ठेवलेली दिवसभराची हकीकत. त्याच्याशिवाय बग कळवणं म्हणजे चोरी झाली म्हणून सांगायचं आणि घराचा पत्ता द्यायचा नाही. मी लिहिलं, ‘लॉग जोडा. स्क्रीनचा फोटो जोडा.’

२१ फेब्रुवारी

पाहुण्याचं उत्तर. ‘फोटो काढणे मला शक्य नाही. क्षमस्व. लॉग कसा काढावा ते सांगितल्यास प्रयत्न करतो.’

क्षमस्व म्हणे! मी चहा घेताना दादाला वाचून दाखवलं. “फोटो काढता येत नाही म्हणजे काय? हात मोडलेत का याचे?”

दादा बशीतला चहा संपवत होता. म्हणाला, “हात धड असतील गं. दुसरं काही असेल.”

“तू त्याची बाजू घेऊ नकोस. असली माणसं आमचा वेळ खातात. स्वतःची पिन ढिली आणि दोष आमच्या बिल्डला.”

“तू करून बघितलंस का, तो म्हणतो तसं?”

“येईल त्याचं करून बघायला लागले तर लॅब कधी उघडू?”

तो उठला, नळ सोडून बशी धूत बसला. धुतलेलीच बशी परत धूत होता.

२६ फेब्रुवारी

संध्याकाळी सगळ्या टेस्टरांची फोनवर बैठक. महाशयांना पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं होतं, कोणी मस्तवाल तरुण असेल. आवाज थकलेल्या कारकुनासारखा निघाला. त्यामुळे राग कमी झाला असं नाही.

मी स्पष्ट विचारलं, “एक माणूस दोन महिने सांगतोय की यंत्र झोपत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवायला तुमचं काय जातं?”

“विश्वासाने बग सुटत नाही हो. तुम्ही लॉग पाठवलेला नाही.”

“तुमच्याकडे सगळी नवीकोरी यंत्रं. जुन्या यंत्रावरच्या माणसाचे हाल तुम्हाला काय कळणार? जरा त्याच्या जागी बसून बघा.”

“बघितलं. अकरा वर्षं जुनं यंत्र मागवून बघितलं. झोपतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवं बिल्ड करणाऱ्यांना माणूस म्हणजे काय ते कळेनासंच झालंय. लॉग मी पाठवणार नाही. हजार ओळींतली कुठलीतरी एक पकडून मलाच खोटं पाडतील.

२ मार्च, रविवार

तक्ता भरला. सत्तावीसपैकी सव्वीस ‘होय’, झाकणापुढे ‘नाही’, ठळक अक्षरात. शेवटच्या चार ओळी डोळे मिटूनही भरता येतील इतक्या पाठ झाल्यात.

पाहुणा परत आला होता. ‘बारा दिवस झाले. माझे काम या यंत्रावर अवलंबून आहे. कुणीतरी दहा मिनिटे बसून पाहावे, एवढीच विनंती.’ एवढीच विनंती! जसं काही आमचं काम यंत्रावर अवलंबून नाही. ना लॉग, ना फोटो, ना कोणाचा ‘मलाही’. मी शेरा लिहिला, ‘माझ्याकडे असं होत नाही,’ आणि बंद करून टाकलं. एका मिनिटात काम झालं.

संध्याकाळी मेल आली, पाहुण्याने लॉग जोडलाय. आता सुचलं शहाणपण! बंद झालेल्या तक्रारीचा लॉग कोण उघडणार? बघेन कधीतरी.

४ मार्च

दादाने आज विचित्रच विचारलं. “तो ‘मलाही’ कोणीही लिहू शकतं का गं?”

“कोणीही.”

“एकाच माणसाने दोन नावं घेऊन?”

“ती लबाडी झाली. हाकलतात.”

“आणि एकाच घरातल्या दुसऱ्या माणसाने?”

“यंत्र वेगळं असलं की चालतं. का रे?”

“सहज.” मग म्हणाला, “म्हातारीला एकदा लॉक लावून बघशील? माझ्यासाठी?”

मला कामावर जायला उशीर होत होता, लॅबची किल्ली सापडत नव्हती, त्यात हे. मी ओरडले. म्हटलं, तुला माझ्यावर भरवसा नाही का, स्क्रीन रीडरच्या चार ओळी मी कोणासाठी मागून घेतल्या, तू तुझी नोकरी सांभाळ, यंत्राचं माझ्यावर सोड. तो “बरं” म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात दिली. फ्रिजवर होती. मीच ठेवलेली.

१० मार्च

कोड गोठला. म्हणजे आता नवं काही घ्यायचं नाही. फक्त ‘मलाही’ पडलेले गंभीर बग तेवढे दुरुस्त होणार. माझं झाकण गेलं बाराच्या भावात. म्हातारी आता आयुष्यभर जागीच राहणार, आणि महाशयांना रात्री गाढ झोप लागणार.

१५ मार्च

आवृत्ती आली. आभारांच्या यादीत माझं नाव आहे: ‘स्क्रीन रीडर चाचणी’ या मथळ्याखाली, एकटीचं. झाकणावर त्यांनी बोळा फिरवला, पण निदान एवढी लाज ठेवली.

दादाला वाचून दाखवलं. “अभिनंदन,” म्हणाला. आणि विचारलं, “जुन्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह कुठे ठेवलायस?”

“कशाला? जुनं आता विसर.”

“केंद्राला माझ्या यंत्रापुरतं जुनं ठेवता येईल का, मॅडमना विचारलं होतं. म्हणाल्या, एकट्यासाठी वेगळं नाही करता येत.”

त्याला कशाचं कौतुकच नाही.

१७ मार्च, सकाळी

लॅबला निघाले होते. साडेनऊला दादा दारात. पाळी एकपर्यंतची असताना. शर्ट घामाने भिजलेला, काठी उघडीच.

पाणी दिलं. प्यायला नाही. हळूहळू सांगितलं ते असं. सात वाजता यंत्र कोणीतरी सुरू करून दिलं, बाई बोलत होत्या, दोन तक्रारी घेतल्या. मग मॅडमनी नव्या आवृत्तीबद्दल सगळ्यांना एका बाजूला बोलावलं. पंधरा मिनिटांनी परत येऊन बसला तर बाई गप्प. कीबोर्डची भाषा कशी कोण जाणे बदलली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात ते लिहिलेलं होतं, म्हणे. पण सांगणार कोण? त्याने पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला. केंद्राच्या नियमाने तिसऱ्यांदा चुकल्यावर खातं बंद. फोन वाजत होते. शेजारची म्हणाली, “काका, तुमचा पासवर्ड सांगा, मी खातं उघडून घेते.” तो उठून तिच्याजवळ गेला, हळू आवाजात सांगायला लागला. फोनच्या गलक्यात तिला ऐकू येईना. शेवटी अख्ख्या खोलीसमोर मोठ्याने एकेक अक्षर सांगितलं. कोणीतरी हसलं.

आत गेला, एक तक्रार घेतली, तोंडावर पाणी मारून आला तर पुन्हा लॉक. पुन्हा तेच. मॅडम म्हणाल्या, दुरुस्त झालं की कळवा, तोवर घरी थांबा.

मी लॅबमध्ये फोन करून रजा टाकली. आज महाशयांना सोडत नाही. एका माणसाची भाकरी तोडलीत तुम्ही! हा बग यांच्या हाताखालून गेलाच कसा? कोणी तपासलं हे? सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारणार आहे.

१७ मार्च, दुपारी

तपासणाऱ्याचं नाव सापडलं.

पत्रात पुरावा म्हणून जोडायला तक्ता उघडला. शेवटची ओळ: लॉक, दहा मिनिटं, बोलतो का? होय. होय. होय. होय. होय. होय. पाच रविवार आणि एक सुट्टीचा दिवस धरून सहावा होय. प्रत्येकापुढे मी.

मग आठवलं, असलं काहीतरी कोणीतरी कळवलं होतं. पाहुणा-सातची तक्रार शोधली. वर माझा शेरा, चार शब्दांचा. खाली त्याने जोडलेला लॉग, कोणीही न उघडलेला. उघडला. लॉगच्या पहिल्या ओळीत तारीख असते, वेळ असते आणि यंत्राचं नाव असतं.

दादाचा-डबा.

मी ती ओळ किती वेळा वाचली माहीत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा पाच आठवडे ओरडत होता.

त्याच्या खोलीत गेले. खाटेवर बसला होता, बूट अजून पायात.

“तू पाहुणा-सात?”

“हो.”

“मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं. बारा फेब्रुवारीला, आणि चार मार्चला. आणि मधे कितीदा ते मोजलं नाही. घरात सांगितलं की तू चिडतेस. म्हटलं रीतसर कळवावं. तिथे अनोळखी माणसाचं तरी ऐकत असशील.”

“लॉग काढता येत नव्हता तर मला विचारायचंस...”

“तुलाच विचारला होता. पाहुणा म्हणून विचारला. उत्तर दिलं नाहीस. मग मी सात दुपारी खर्च करून स्वतः शिकलो.”

मी रडायला लागले. त्याला ते ऐकू आलं, आणि मग तो ओरडला. त्रेपन्न वर्षांचा माझा भाऊ, डोळे गेले त्या दिवशीसुद्धा ज्याने आवाज चढवला नव्हता, तो ओरडला.

“रडू नकोस! तुझं रडणं पुसायला मी आता उठणार नाही. मला काय माया कमी होती का या घरात? बूट जागेवर, चहा हातात, सगळं होतं. मला एक ‘मलाही’ हवा होता. दहा मिनिटं तोंड बंद करून एका जागी बसायचं होतं तुला. दहा मिनिटं! ते तुला जमलं नाही, आणि त्या महाशयाला तू सांगतेस, माणसावर विश्वास ठेवा. भिंतीपलीकडून ऐकत होतो मी ती बैठक.”

हेडफोन काढून त्याने गादीवर आपटले. मग बूट काढले आणि स्वतःच्या जागी ठेवले.

१८ मार्च

सकाळी सहाला म्हातारीला लॉक लावलं. स्क्रीनवर टॉवेल टाकला. घड्याळ लावून बसले. दहा मिनिटं फार मोठी असतात. शेजारच्या खोलीत दादा जागा होता, कुशीवर वळलेला ऐकू आला.

घड्याळ वाजलं. बटण दाबलं. काहीही नाही. यंत्र जिवंत आहे की मेलंय, काय मागतंय, चुकलं की बरोबर आलं, काही म्हणजे काही नाही. मी टॉवेलखाली आठ वेळा चुकीचा पासवर्ड टाकला. माझाच पासवर्ड. मला स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटत होती.

तक्रार पुन्हा उघडली, खाली लिहिलं: ‘मलाही.’ मग सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहिलं: ‘या ओळीपुढचे माझे सगळे होय खोटे आहेत. मी ती एकदाही चालवलेली नाही. पाहुणा-सात यांनी अचूक कळवलं होतं. मी न बघता बंद केलं. आभारांच्या यादीतून माझं नाव काढावं.’

लिहून झाल्यावर संतापाने झाकण आपटलं. पंखा थांबला. म्हातारी झोपली.

लॉक लावलेलं होतं ना. या आवृत्तीत यंत्र झोपण्याआधी लॉक होतं. लॉकच काढून टाकलं तर ते दारातच अडून बसतं. तीन महिने मी महाशयांच्या नावाने बोटं मोडली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

चाळीस मिनिटांत महाशयांचं उत्तर: ‘सापडलं. लॉकनंतर काही वेळाने आवाजाची सेवा बंद पडते. चूक माझी. पाहुणा-सात यांचा लॉग नेमका आहे, नाहीतर आठवडा गेला असता.’ आणि खाली, ‘झाकणाचं काय?’

मी लिहिलं, ‘बंद करा. मीच लॉक काढून ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हटलं.’

‘ठीक,’ असं उत्तर आलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ मार्च

दुरुस्ती आली, केंद्रातल्या यंत्रांवर चढली. दादाने मॅडमना फोन लावला. मी दाराशी उभी. तो “हो”, “समजलं”, “नाही, तुमची चूक नाही” म्हणत राहिला. फोन ठेवून म्हणाला, “जागा भरली. फोन वाजत ठेवता येत नाहीत म्हणाल्या. पुन्हा निघाली तर कळवतील.”

माझं डोकं फिरलं. “मी जाते. आठवडाभर थांबता आलं नाही त्यांना? मी सांगते त्यांना, हे काय चाललंय!”

“तू कुठेही जाणार नाहीस,” दादा म्हणाला. “त्यांनी मला सहा आठवडे बसवून घेतलं. ऐकून घेतलं. त्यांच्याशी भांडायचं नाही.”

चप्पल घातलेली होती, ती काढली. रागाला जायला कुठे वाटच उरलेली नाही. महाशय नाहीत, मॅडम नाहीत, पाहुणाही नाही. भांडी घासली. एक कप फुटला.

३० मार्च, रविवार

महाशयांचं पत्र आलं होतं, मला नव्हे, पाहुणा-सातला. पुढच्या आवृत्तीच्या तक्त्यातल्या शेवटच्या चार ओळी ते घेतील का? दादाने ते दोन दिवस ठेवून दिलं. काल म्हणाला, घेतो. नोकरी मिळेपर्यंतच नव्हे, मिळाल्यावरही.

आज पहिलं कच्चं बिल्ड आलं. त्याच्या डब्यावर त्याने स्वतः केलं, पण नियम म्हणून दुसऱ्या यंत्रावरही बघायचं होतं. म्हातारी घेऊन त्याच्या खोलीत गेले. सगळ्या सेटिंग मूळच्या होत्या, तीनदा तपासल्या. त्याने हात फिरवून टॉवेल नीट पडलाय का ते बघितलं.

“लॉक लाव. आणि डोळे मीट.”

“टॉवेल आहे की.”

“तरी मीट. आणि बोलायचं नाही.”

दहा मिनिटं आम्ही शेजारी शेजारी बसलो. त्याचा श्वास ऐकू येत होता. रस्त्यावरून एक सायकल गेली. मला तीन वेळा काहीतरी सांगायचं होतं, तीनही वेळा गिळलं. घड्याळ वाजलं, त्याने बटण दाबलं.

काही नाही. मी डोळे उघडणार होते, त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. एक, दोन, तीन, चार.

“पासवर्ड टाका,” बाई म्हणाल्या.

मी डोळे उघडले. तक्ता काढला, शेवटच्या ओळीपुढे त्याचं नाव टंकलं. “‘होय’ लिहू?”

दादा थोडा वेळ विचार करत राहिला. छापखान्यात शेवटच्या मुद्रितावर सही करण्याआधी तो असाच थांबायचा.

“होय लिही,” तो म्हणाला. “आणि शेऱ्यात लिही, बोलतात, पण उशिरा.”

मी लिहिलं.